गाळलेली भावकी

पोलादपूरच्या बसस्थानकावर हैबती भेटले, तेव्हा प्रयागबाईंनी पदर सावरून विचारपूस केली. हे त्यांचे शिवथरचे चुलतदीर. मागच्याच आठवड्यात त्यांच्या मुलाचे, हृतिकचे, लग्न झाले होते.

"वैनी, महागाई लय हाय," हैबती हसत म्हणाले. "पाचशे एक गेले, एकशे एक परत आले. बाकीचे एसटीनं खाल्ले म्हणायचे."

प्रयागबाईंच्या तोंडाला कडू चव आली. आहेर वाढवून परतवायचा, ही त्यांच्या घरची रीत. आणि हृतिकच्या लग्नात त्यांनी तो घटवून दिला होता.

प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्यापासून घरचा जमाखर्च त्या मोबाईलमध्ये स्वतः लिहीत. मुलीच्या, स्नेहलच्या, लग्नातला प्रत्येक आहेर त्यांनी नावानिशी नोंदवला होता. जुने अ‍ॅप बंद होणार म्हणून मुलाने, प्रवीणने, सर्व नोंदी नव्या अ‍ॅपमध्ये उतरवल्या. शिल्लक जुळत नाही, असे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. "असतं तसं पहिल्यांदा," म्हणून त्याने उडवून लावले. हृतिकच्या लग्नाआधी त्यांनी हैबतींचे नाव शोधले, तर ते नव्हते. "नाय म्हंजे दिला नसंल. एकशे एक दे नि मोकळी हो," असे प्रवीण म्हणाला. रक्कम आठवत नव्हती, म्हणून त्यांनी ऐकले.

घरी येताच त्यांनी मोबाईल मुलापुढे ठेवला. "मी लिवलेलं कुठं गेलं, ते दाखव."

प्रवीणने जुनी फाईल उघडली. तीत भावकीतल्या साऱ्या घरांचे आहेर होते. नव्या अ‍ॅपमध्ये उरला होता एकटा भिकूंचा, भावकीच्या यादीतला पहिला.

"आये, हे दुबार नोंदी काढून टाकतं. तारीख तीच, रक्कम तीच. त्याला वाटलं, तूच पुन्हा पुन्हा लिवलंस."

"नावं येगळी हाईत की."

"नावाचा रकाना जोडायचा राहिला माझा."

कोणी लहान-मोठे दिसू नये म्हणून भावकीतली घरे आधी ठरवून सारखाच आहेर देत. तो मान यंत्राने कचरा समजून झाडून टाकला होता. प्रयागबाईंना शिसारी आली. यंत्राची थोडी, मुलाची अधिक.

प्रवीणने उतरवलेले सगळे पुसले, नावाचा रकाना जोडला, दुबार काढण्याची खूण बंद केली आणि फाईल पुन्हा चढवली. शिल्लक जुळली.

"झालं की. आता तोंड कशाला वाकडं करतेस?"

"तुझं बोलणं पुसलं गेलं काय रे त्यात?"

दुसऱ्या दिवशी, राहिलेल्या आहेरात रीतीप्रमाणे वर शंभर घालून, त्या मुलाला शिवथरला घेऊन गेल्या. हैबतींनी ओटीवर सतरंजी अंथरली. "वैनी, मी मस्करी केली वो. बसा."

प्रयागबाई उभ्याच राहिल्या. "आधी ह्यो बोलंल. 'दिला नसंल' असं तुमच्याबद्दल कोण म्हणालं, ते सांग काकांना."

प्रवीण पायातली चप्पल काढत राहिला. ती निघायला बराच वेळ लागला.