भरीव माणूस

जगातल्या झाडून साऱ्या वस्तूंच्या दोनच जाती असतात, एक बुडणारी आणि एक तरंगणारी, आणि त्यातली पहिलीच तेवढी विश्वासाची, असं आमच्या मोठ्या साडूंइतकं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा सापडायचा नाही. एका जागी दोन मिनिटं न टिकणारा माणूसही दुसरा सापडायचा नाही. चहा ते उभ्यानं पीत. पेपर वाचत ते घरभर चालत, त्यामुळे पहिल्या पानावरची बातमी स्वयंपाकघरात सुरू होऊन गॅलरीत संपे. धरमपेठेतल्या आमच्या घरी ते रोज सकाळी पायी येत, एक चप्पल दाराशी काढत, दुसरी तशीच पायात ठेवत आणि ‘बसत नाई गा, निघूनच राहिलो’ असं म्हणत तासभर फेऱ्या मारत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आपणही मागे मागे फिरायचं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी माझं वजन उतरलं ते सासुरवाडीच्या चिंतेनं नव्हे, साडूंच्या गप्पांनी.

नोकरी त्यांनी केली कृषी खात्यात, आणि तीही धानाच्या पट्ट्यात. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना पेरणीआधी बी निवडायला शिकवायचं, हे त्यांचं काम. धानाचं बी मिठाच्या पाण्यात सोडायचं. पोचट बी वर येतं, भरीव बी तळाशी बसतं. वरचं काढून फेकायचं, खालचं धुऊन पेरायचं. पाणी पुरेसं खारट झालं की नाही हे कळायला काही लोक त्यात अंडं सोडतात. पण ताईंच्या, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीच्या, स्वयंपाकघरात अंड्याला मज्जाव, म्हणून साडूंच्या थैलीत बटाटा असे. साध्या पाण्यात बटाटा तळाशी जातो. मीठ घालत राहिलं की पाणी जड होत जातं आणि एका क्षणी बटाटा हळूच वर डोकावतो. दर हंगामात पहाटे ताई निवडून एक गोल बटाटा त्यांच्या थैलीत टाकत. ‘तरंगलं ते फेका, बुडालं ते पेरा,’ हे वाक्य त्यांनी इतक्या गावांत इतक्या वेळा उच्चारलं की निवृत्तीनंतर ते त्यांच्या तोंडून उतरेना.

मग आमच्या घरी येताच त्यांचा मोर्चा बादलीकडे वळू लागला. भिजत घातलेल्या हरभऱ्यांतले तरंगणारे दाणे ते खिडकीतून बाहेर भिरकावत. वांगं कितीही ताजं असलं तरी तरंगतंच, म्हणून वांग्यावर त्यांचा कायमचा राग. एकदा मी कौतुकानं आणलेली संत्री त्यांनी बादलीत सोडली. सगळी टुणटुणीत तरंगायला लागली. ‘पाहा, सालीत हवा भरून कसा रुबाब करून राहिला,’ असं म्हणत त्यांनी एक संत्रं उचललं, सोललं आणि परत पाण्यात टाकलं. ते सरळ तळाला गेलं. ‘हा खरा माल!’ त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं आणि उरलेली अकरा संत्रीही सोलून ठेवली. आम्ही दोघं नवराबायको त्या दिवशी संत्रीच जेवलो.

माणसंसुद्धा यातून सुटली नाहीत. भाषण करणारे सगळे पोचट. भाचीला पाहायला आलेला, नोकरीपेक्षा गॉगलबद्दल जास्त बोलणारा मुलगा पोचट. मी धीर करून माझ्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी फिरता फिरता थांबून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ‘तुम्ही अधांतरी आहे गा. ना धड वर, ना धड खाली.’ मला त्याचा राग यायला हवा होता. पण ते खरं होतं, त्यामुळे आला नाही.

माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. कोणीतरी त्यांना डिवचलं, की एवढं लोखंडाचं जहाज तरंगतं, ते काय पोचट? साडू तडक आचाऱ्याकडे गेले. त्यांनी त्याची सर्वांत मोठी लोखंडी कढई उचलून पाण्याच्या हौदात सोडली. कढई डुलत राहिली. मग त्यांनी एक खिळा टाकला, तो बुडाला. ‘लोखंड तेच. पण कढई पसरली, तिनं जास्त पाणी बाजूला सारलं. जेवढं पाणी सारलं तेवढ्या वजनाचा टेकू पाणी तिले देते. आता तिच्या आतली पोकळी भरा, मंग पाहा तिचा तोरा.’ आणि त्यांनी तिच्यात सोललेले बटाटे ओतायला सुरुवात केली. कढई खाली खाली जात काठापर्यंत आली, काठावरून पाणी आत शिरलं आणि अर्ध्या पंगतीच्या भाजीसकट ती तळाशी जाऊन बसली. बाहेर पानं मांडली होती. आचारी रडवेला झाला, व्याही ताटकळले, आणि साडू भिजल्या बाह्यांनी साऱ्या मांडवाला सांगत फिरत होते, ‘पोकळाचं कौतुक करू नका!’

असा माणूस एक दिवस खुर्चीत बसला. दोन्ही गुडघे झिजले होते, जिन्यावर तोल गेला आणि त्यानंतर पाय जमिनीवर टेकेना. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, की दुखऱ्या गुडघ्यांवर भार न टाकता पायात ताकद आणायची तर रोज छातीएवढ्या पाण्यात चाला. आत्ता चालला नाहीत तर पुढे वॉकरशिवाय चालणं कठीण. साडूंनी डॉक्टरांनाच समजावलं, की पाणी शरीराला खालून उचलून धरतं म्हणून भार कमी होतो, तुमचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. आणि घरी येऊन म्हणाले, ‘मी नाई जात.’

पुढचे दिवस वाईट गेले. ते खुर्चीत बसून बोटं वाजवत, पेपरची घडी करत आणि मोडत, दर पाच मिनिटांनी ‘किती वाजले वं?’ विचारत. मी गेलो की त्यांची नजर माझ्या पायांवर असे. मला तिथं बसवत नसे आणि उठून चालायचीही लाज वाटे. एकदा निघताना ताई फाटकापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘त्यायले पाण्याची भीती हाये. तुमाले म्हणून सांगतो. लहानपणी खाप्याले कन्हान नदीत सारे पोट्टे पोहाले उतरले. सारे वर आले, हे सरळ तळाशी. एका कोळ्यानं केस धरून काढलं. मंग साऱ्या गावानं त्यायचं नाव दगड ठेवलं. मी लग्न होऊन आली तरी म्हाताऱ्या बाया मले दगडाची बायकोच म्हणत.’

मी रस्त्यात थांबलो. गावभर हसं झालेल्या त्या पोराला पुढे नोकरीत कोणीतरी मिठाच्या पाण्याचं घमेलं दाखवलं असेल आणि सांगितलं असेल, की बुडतं ते भरीव, तेच पेरायचं. त्या एका वाक्यावर या माणसानं आयुष्य काढलं होतं. मला माझ्या सगळ्या थट्टांची शरम वाटली.

ताईंनी वाद घातला नाही. साठी उलटलेल्या त्या बाईनं स्वतःचंच नाव व्यायामाच्या तलावात घातलं आणि ‘नुसते काठावर बसा’ म्हणून त्यांना सोबत नेलं. नेऊन सोडायला मी होतोच. ताई पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात उतरल्या आणि कठडा धरून वेडीवाकडी पावलं टाकू लागल्या. काठावरच्या खुर्चीत साडूंची चुळबुळ सुरू झाली. ‘तसं नाई वं. पाऊल पूर्ण टेकव. अवं, हात पसरव, पाणी धरते तुले!’ ताई मुद्दाम की खरंच कोण जाणे, आणखीच चुकू लागल्या. कोणी काही चुकीचं करत असताना बसून पाहणं साडूंच्या जिवावर येई. चौथ्या दिवशी ते पायऱ्यांवरून, दोन्ही हातांनी कठडा धरून, मोठ्यानं रामनाम घेत खाली उतरले.

चालणं जमायला लागलं. पण तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना त्यांनी शेवटी पाठीवर निवांत पडून राहायला हवं होतं. ते म्हणजे महासंकट. बाई मानेखाली हात धरायच्या, छाती भरून श्वास घ्यायला लावायच्या, साडू अलगद वर यायचे. आणि वर आले की आपण का वर आलो हे त्यांना सांगायचं असे. तोंड उघडलं की श्वास सुटे आणि ते खाली जात. ‘काका, बोलू नका ना!’ बाई कावून म्हणायच्या. ‘अवो, पण कारण तर ऐका...’ आणि बुडबुडे.

मग एका सकाळी ते काहीच बोलले नाहीत. दमले होते की कंटाळले होते, ठाऊक नाही. बाईंनी हळूच हात काढून घेतले. हात पसरलेले, पोट वर, डोळे छताकडे, असे आमचे साडू पाण्यावर पडून राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांची बोटं पहिल्यांदा स्थिर पाहिली. मला का कोण जाणे रडू आलं. बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, ‘मंग मी पोचटच निघालो का वं?’

कठड्यापाशी उभ्या ताई म्हणाल्या, ‘अवो, वर आला म्हणून बटाटा काय पोचट असते का? जिंदगीभर तुमच्या थैलीत मीच टाकला ना तो.’

साडू हसले, हसल्यामुळे बुडाले, आणि खोकत खोकत वर आले तेव्हा कठडा न धरता स्वतःच्या पायांवर उभे होते.

आता ते काठी घेऊन, सावकाश का होईना, पुन्हा आमच्याकडे पायी येतात. दोन्ही चपला काढतात. खुर्चीत बसतात आणि चहा संपेपर्यंत बसूनच असतात. मला तेव्हा आमचं घर फार शांत वाटतं. परवा राहवेना म्हणून मीच पातेलंभर पाणी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यात एक संत्रं सोडलं. ते तरंगत राहिलं. त्यांनी ते एका बोटानं जरासं दाबलं, सोडलं, पुन्हा वर येताना पाहिलं. मी सोलायला हात पुढे केला तसा त्यांनी माझा हात धरला.

‘राहू द्या गा,’ ते म्हणाले. ‘साल असू द्या त्याले.’