खिळ्यावरचा पाव

गल्लीत तिला फौजदारीण म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत. तिच्या घरात शिरायचं म्हणजे आधी झडती द्यायची. हातात काय आहे, मघाशी काय खाल्लंस, हात धुतलेस का. पोस्टमनसुद्धा बिस्कीट कोपऱ्यावर संपवून, मिशा पुसून मग दार वाजवायचा. बाई बाकी साधी. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर दिवसभर लोकांच्या विजारी आखूड करणं आणि फाटके खिसे शिवणं. नवरा बेकरीत भट्टीवर. म्हणजे एक लोकांचे खिसे शिवायची, दुसरा लोकांची पोटं भरायचा, आणि स्वतःच्या घरी खिसाही अर्धा न् पोटही अर्धं.

ही झडती होती पोरीसाठी. पोरगी सात वर्षांची. शेजारच्या कोंबडीवाल्या म्हातारीनं तिला शेंग नाव ठेवलं आणि ते चिकटलं, कारण हातपाय वाळक्या शेंगेसारखे आणि पोट तेवढं टम्म. दोन वर्षं जो तो आपली अक्कल पाजळत होता. कुणी म्हणे जंत, कुणी म्हणे लाड. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आतडं तपासलं आणि सांगितलं की हिला गहू चालत नाही. कणभरसुद्धा नाही. गव्हाचा कण पोटात गेला की आतडं आतून सोलवटतं, मग वरून तूप ओता नाहीतर लोणी, अंगी काही लागत नाही.

पाववाल्याच्या पोरीला गहू चालत नाही. भट्टीवरची माणसं हे ऐकून आधी हसली आणि मग बराच वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही.

कारण ते घर पावावर उभं होतं. बेकरीचा मालक रोज दोन शिळे पाव फुकट द्यायचा. सकाळी पाव, दुपारी पाव, रात्री त्याच पावाचे तुकडे डाळीत. त्यात सासूबाईंचं काळीज थकलेलं. मीठ खाल्लं की पाय सुजून मुसळासारखे होत. म्हणजे नातीला गहू नको, आजीला मीठ नको, आणि भट्टीपुढं घाम गाळून आलेल्या बाप्याला मिठावाचून घास उतरत नाही. चूल एक, पातेलं एक, आणि तोंडं तीन दिशांना.

फौजदारीण रडत बसली नाही. तिनं कापड बेतावं तसं घर बेतलं. पातेल्यात बटाटे, मसूर, कोबी, जे स्वस्त असेल ते बिनमिठाचं शिजायचं. पहिल्यांदा पोरीचं ताट, तेही तिच्या वेगळ्या पळीनं. त्या पळीच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला. त्या पळीला दुसऱ्या कुणी हात लावला की बाई मशीन थांबवून नुसतं बघायची, तेवढं पुरे. मग सासूबाईंचं ताट, वर लिंबू पिळून आणि मिरी भुरभुरून, म्हणजे जिभेला मिठाची आठवण जरा कमी यावी. आणि उरलेल्यात शेवटी मीठ, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

पावाला तिनं उंबरठा बंद केला. दाराबाहेर एक खिळा ठोकला. नवरा कामावरून आला की पावाची पिशवी त्या खिळ्याला, कपडे मागच्या पडवीत, आणि हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पोरीला शिवायचं नाही. तोही बिचारा गुमान करायचा. खिळ्यावरचे पाव कोंबडीवाली न्यायची, भिजवून कोंबड्यांना घालायची आणि त्याच पिशवीत तीन अंडी ठेवून जायची. पाव बाहेरच्या बाहेर अंडं होऊन घरात यायचा. म्हातारी म्हणायची, "तुझ्या नवऱ्याची कमाई माझ्या कोंबड्या खातात. त्यांना आता मालकाकडे बोनस मागायला पाठवते."

आणि पाव-बिस्किटाऐवजी मका. बेकरीच्या पलीकडे एक दाणेवाला होता, त्याच्या चक्कीवर मक्याशिवाय काही दळत नसत. फौजदारीण स्वतः तिथं जाऊन दाणेवाल्याची उलटतपासणी घेऊन आली होती. चक्कीत हात घालून बघितला, पोती हुंगली. शेवटी तो म्हणाला, बाई, आता माझं लग्नाचं रजिस्टर पण बघा. तिथलं पीठ नवरा येताना घेऊन यायचा. त्याच्या ती जाडसर भाकऱ्या तव्यावर भाजायची, किंवा दुधात पातळ शिजवायची. शेंग निमूट खायची.

एवढं सगळं करून दोन महिने झाले आणि दवाखान्यातला काटा पंधरा किलोवरून हलायला तयार नव्हता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. म्हणाल्या, अजून महिनाभर बघू. नाही वाढलं तर दाखल करून घ्यावं लागेल, नाकातून नळी घालून भरवावं लागेल. मग चष्मा काढून म्हणाल्या, "कुठून तरी गहू जातोय पोटात. घरातच शोधा."

परतीच्या वाटेवर शेंगेनं विचारलं, "आई, नळी एका नाकपुडीत घालतात का दोन्हीत?"

"एका."

"मग दुसरीनं वास घेता येतो," पोरगी म्हणाली आणि पुढं उड्या मारत गेली. फौजदारीण मागं राहिली. तिला पदर नाकाला लावायचा होता आणि पोरीनं बघायला नको होतं.

घरी आल्यावर तिनं घर उसवायला घेतलं. डबे रिकामे केले, फळ्या पुसल्या, मशीनखालची चिंध्यांची पेटीसुद्धा उलटी केली. आणि सासूबाईंची उशी उचलली तर खाली पावाचा चुरा, चांगला चिमूटभर. पोरगी रोज झोपायची ती आजीच्या कुशीत, त्याच उशीवर.

सासूबाई दारात उभ्या. बाईंचं वय सत्तर, पण चोरी सापडल्यावर माणूस सात वर्षांचं होतं. त्यांनी कबूल केलं. खिळ्यावरच्या पावाचा रोज नखाएवढा तुकडा तोडत होत्या. पावात मीठ असतं ना. नुसतं जिभेवर धरायचं, विरघळू द्यायचं, एवढंच.

"आणि पोरीला किती दिलात?"

"शपथ घेते. एक कण नाही."

"आई, ती तुमच्या उशीवर झोपते."

म्हातारी ताठ झाली. "मी चोरटी आहे, सूनबाई, पण माझ्या तोंडापुरती. पोरीसाठी चोरायचं झालं तर अंडं चोरीन, पाव कशाला चोरू?"

सुनेनं पोरीचं अंथरूण उचललं आणि मशीनच्या बाजूला नेऊन टाकलं. खिळा हातभर वर ठोकला. त्या रात्रीपासून शेंग भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली, आणि सासूबाई जेवेनाशा झाल्या, मिठापायी नव्हे. नवऱ्यानं दोन्हीकडे बघितलं आणि तो नेहमीसारखा गप्प बसला. बायकांच्या भांडणात त्याची गत जात्यात अडकलेल्या खड्यासारखी. बोलला तर आवाज, न बोलला तरी आवाज.

आठवडा गेला. पोरीचं पोट तसंच टम्म, आणि संडासच्या फेऱ्याही तशाच. आता तर ती आजीच्या आसपासही फिरकत नव्हती.

एके दिवशी सकाळी फौजदारीण ओट्यापाशी पीठ कालवत होती. कोंबडीवाली अंडी घेऊन आली, हात धुतल्याचं दाखवायला दोन्ही पंजे वर करून, पोलिसापुढं करतात तसे. आत आली आणि परातीत वाकून बघायला लागली.

"हे काय गं? हे पीठ कुठलं?"

"दाणेवाल्याचं. तुम्ही आणता तेच."

"मी आणते ते नव्हे. माझ्या कोंबड्यांच्या पिठात कोंडा असतो, टरफलं असतात, मागं एकदा खिळा निघाला. हे तर तोंडाला लावायची पावडर आहे. तो मेला माणूस बघून पीठ देतो का? का माझ्या कोंबड्यांना दात आहेत असं वाटतं त्याला?"

म्हातारी हसत हसत गेली. फौजदारीण मात्र परातीतच बघत राहिली. तिनं चिमूट उचलली, दोन बोटांत चोळली. मऊ, रेशमासारखं. चक्कीवर तिनं स्वतः हात घातला होता तेव्हा ते बोटांना टोचलं होतं. घरात पहिलं पीठ आलं तेव्हाच हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. गल्लीभर झडत्या घेणाऱ्या बाईनं स्वतःची परात तपासली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नवरा अंघोळ करून पडवीतून आला तेव्हा ती पाटावर बसली होती. तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, हे पीठ इतकं बारीक कसं?

त्याचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं काम कुणाच्या नजरेला आलं होतं.

"चाळून आणतो ना. बेकरीतली सगळ्यात बारीक जाळी. पोरगी एकदा म्हणाली होती, बाबा, घशात खरखरतं. म्हणून सुट्टी झाली की मागं थांबतो. तीनदा चाळतो."

"चाळणी धुता?"

"चाळणी कधी कुणी धुतं का? ओली झाली की भोकं बुजतात. ठोकायची, झटकायची..." आणि तो तिथंच थांबला.

तीस वर्षं त्याचा हात चाळणी झटकत होता. झटकली की स्वच्छ, हे त्या हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची गरजच पडली नव्हती. त्या जाळीतून रोज दोन पोती गव्हाचं पीठ जायचं. भुरकट पिठानं भरलेल्या भोकांतून तो पोरीचं मक्याचं पीठ तीनदा चाळत होता, अगदी मन लावून. एकदाच चाळलं असतं तर निदान तिसराच हिस्सा गहू पोरीच्या पोटात गेला असता.

तो उंबरठ्यावर बसला. दोन्ही हात पुढं धरून बघायला लागला, जणू कुणीतरी दुसऱ्याचेच आणून लावलेत. फौजदारणीच्या जिभेवर पाच-पन्नास वाक्यं आली असतील. तिच्या ठेवणीत काही कमी नव्हती. पण तिनं परात उचलली, पीठ कागदात बांधलं, कोंबडीवालीकडे पाठवायला बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "उद्यापासून न चाळता आणा." मग थोड्या वेळानं, "चहा घ्या. गार होतोय."

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. त्याची माफी कशी मागायची, हे काही तिला येत नव्हतं. शिवताना टाका चुकला तर उसवायचा, एवढंच तिला ठाऊक. तिनं पोरीचं अंथरूण उचललं आणि परत सासूबाईंच्या शेजारी नेऊन घातलं. म्हातारीनं जराही मान वळवली नाही.

"उशी झटकलीस का?" सासूबाई म्हणाल्या.

"धुतली," सून म्हणाली. "झटकून काही होत नाही."

दुपारी तिनं कशिद्याची लाकडी रिंग काढली, जुनी, वापरात नसलेली. अस्तराच्या उरलेल्या विरळ विणीच्या कापडाचा तुकडा उकळत्या पाण्यात काढून, वाळवून त्यात ताणून बसवला. नवी चाळणी झाली. ती सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि मक्याच्या पिठाची पिशवी पुढं सरकवली. म्हातारीनं कापडाला बोटानं टिचकी मारली. डफासारखा आवाज आला.

"ही चाळणी माझी," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यानं हात लावला तर बोटं मोडीन."

"लाल दोरा बांधते."

तेव्हापासून रोज दुपारी सासूबाई चाळायला बसायच्या. हळूहळू, एकेक वाटी, आणि शेंग शेजारी बसून वर उरलेला कोंडा कोंबड्यांसाठी डब्यात भरायची. नवरा दारातून बघायचा. आता तो हात दोनदा धुवायचा. एकदा कोपरापर्यंत आणि एकदा कशासाठी, ते त्याचं त्याला ठाऊक. खिळा फौजदारीण परत खाली घ्यायला निघाली, पण सासूबाईंनीच सांगितलं, वरच राहू दे. हात पोचला की जीभ ऐकत नाही.

पोट आधी उतरलं. मग एका सकाळी शेंगेनं दुसरं अंडं मागितलं, आणि ते देताना आईच्या हातून टरफल आत पडलं.

महिन्यानं काट्यावर पोरगी चढली तेव्हा घरातली तिघंही आली होती. सासूबाई काठी टेकत, नवरा कामावर उशिरा जायचं सांगून. पंधरा किलो, आठशे ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी काट्यावरून उतरवून पुन्हा चढवलं. तेच. कागदावर काहीतरी खोडलं आणि म्हणाल्या, नळी नको. काय बदललंत?

नवऱ्यानं मान खाली घातली. फौजदारीण तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई पुढं सरसावल्या.

"पीठ मी चाळते," त्या म्हणाल्या.

परत येताना शेंग बापाचं बोट धरून चालली होती. अर्ध्या वाटेत तिनं हळूच सांगितलं की आजी नीट चाळत नाही, अजून थोडं खरखरतं.

"राहू दे," बाप म्हणाला. "खरखरू दे."