कुंकू लावलेल्या सीड्या

आधी चहा सांगा. हा किस्सा कोरड्या घशानं सांगवत न्हाय. आणि ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा, मला राग न्हाय. आमच्या घरात आई सोडून सगळे हसून झालेत.

मंगळवार पेठेत माझं डीटीपीचं दुकान. बारशाची कार्डं, लग्नपत्रिका आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. माणूस जन्मला, बोहल्यावर चढला, वर गेला, तिन्ही वेळा घरचे माझ्याकडंच. कॉम्प्युटर एकच, आणि त्यात जुनी विंडोज, अठ्ठ्याण्णवची. त्यात मी कुठनं कुठनं आणून इतके फॉन्ट कोंबले होते की बिचारं मशीन वधूचं नाव टाईप करेपर्यंत धापा टाकायचं.

तोवर पेठेत सगळीकडं नवी विंडोज, एक्सपी, आलेली. गिऱ्हाईक यायचं, पडद्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "अजून अठ्ठ्याण्णवच व्हय?" जसं काय मी अजून चड्डीवरच फिरतोय.

कॉम्प्युटर दुरुस्त करायला आमचा रम्या. शाळेपासूनचा दोस्त, खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर, लग्नात जेवायला बसला तरी. तो म्हणाला, "टाक की नवी."

"आणि जुनं?"

"जुनं सगळं पुसायचं. मशीन कोरं करायचं आणि मग नवी घालायची. जुन्यावर नवी चढवली की नुसती भांडणं."

पुसायचं म्हटल्यावर मी मशीनवर हातच ठेवला. कारण त्या मशीनमध्ये आमचे आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील. आदल्या वर्षी गेले. त्याच्याआधी बहिणीच्या पोरीच्या बारशाला बायकांची गाणी भरायला कुणीतरी टेप चालू करून ठेवलेला. नेमका त्याच वेळी माझ्या हातातनं चहाचा ट्रे पडला, आणि आबांचा आवाज टेपात आला. "त्याच्या हातात काय देऊ नका म्हटलंय न्हवं मी? वाटुळं करतंय ते." मग सगळ्या घराचा हशा. आणि हशा ओसरल्यावर, अगदी हळू, "हौसा, तू च्या घेतलास का?"

हौसा म्हणजे आमची आई. आबांनी तिला उभ्या आयुष्यात चारचौघांत नावानं हाक मारली न्हाय. "अगं ए", न्हायतर "ऐकलं का". नावानं मारलेली ही एकच, तीही चुकून टेपात सापडलेली. मी ती कॅसेटवरनं कॉम्प्युटरवर घेतली. पुढं कॅसेट टेपात गुंतून तुटली. म्हणजे आबांचा आवाज जगात एकाच जागी उरला, माझ्या दुकानात.

आई रोज दुपारी दुकानात यायची, स्टुलावर टेकायची. "लाव जरा ह्यांचं." मी लावायचो. शिवी माझ्या वाट्याला, हाक तिच्या. ऐकून झालं की पदर सावरून घरी जायची.

आता सांगा, असलं मशीन कोण पुसेल? मी महिनोन्‌महिने नुसता घोळ घातला. संध्याकाळी म्हशीच्या धारेचं दूध प्यायला दूध कट्ट्यावर गेलो तर तिथंही हाच विषय काढला. शेजारी ग्लास तोंडाला लावलेल्या एका बाबानं विचारलं, "पावणं, नवी म्हस आणली म्हणून जुनी कोण मारतंय व्हय? बांधा की दोन्ही."

"एका दावणीला ऱ्हात न्हाईत म्हणतोय आमचा मेकॅनिक."

"मग मेकॅनिक बदला."

अख्ख्या कट्ट्याला ते पटलं. मलाही पटलं असतं, पण छापखानेवाल्यानं निरोप धाडला की तुझ्या जुन्या फायली आमच्याकडं उघडत न्हाईत, लग्नसराईच्या आत नवी घाल, न्हायतर दुसरा बघतो. तेव्हा कुठं मी आईपुढं विषय काढला.

"ह्यांचा आवाज ऱ्हाईल न्हवं?" तिनं एवढंच विचारलं.

"ऱ्हाईल की. सीडीवर काढून ठेवतो."

"मग तुझं तू बघ."

मुहूर्त दसऱ्याचा धरला. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग बघायला नको. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी आबांची सीडी काढायला बसलो. सीडी राइटर नवा, माझा हात त्याहून नवा. एक बिघडली, दुसरी बिघडली, वाया गेलेल्यांची चळत लागली. शेवटी एक जमली. वाजवून बघितली. "हौसा, तू च्या घेतलास का?" एकदम स्वच्छ.

रम्या फोनवर म्हणाला, "तिच्यावर नाव लिही आधी." पेन उमटेना, मार्कर वाळलेला. पूजेचं ताट समोरच होतं. मी त्या सीडीवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. म्हटलं, ह्याहून मोठी खूण काय असायची? आंधळ्यालासुद्धा सापडेल. स्वतःवर इतका खूश झालो की मीच मला शाबासकी दिली.

मग पूजेला बसलो. तुम्हाला ठाऊकच हाय, खंडेनवमीला हत्यारं पुजायची. शेतकरी विळा-खुरपं मांडतो, मी कॉम्प्युटर, प्रिंटर, कात्री आणि सीड्यांची चळत मांडली. आबांची सीडी मानानं सगळ्यात वर. फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली. मग हळदकुंकू. आबाच सांगायचे, हत्यारात भेदभाव करायचा न्हाय, विळ्याला लावलं तर खुरप्यालाही लावायचं. वडिलांचा शब्द मोडायचा न्हाय म्हणून मी सगळी चळत पसरली आणि राहिलेल्या एकूण एक सीडीला कुंकू लावलं. मोठ्या भक्तीनं. मग गोळा करून पुन्हा रचली.

ऐकताय न्हवं? थांबा, अजून हसू नका.

दसऱ्याला सकाळी दादा आला. माझा थोरला भाऊ, गडहिंग्लजकडं आमची शेती हाय ती तोच बघतो. सोन्याची पानं हातात दिली आणि म्हणाला, "बाळू, वाया गेलेल्या सीड्या हाईत काय रं? जोंधळ्यावर पाखरं उतराय लागल्यात. सीड्या बांधल्या की उन्हात चकाकत्यात, पाखरं भित्यात."

"हाईत की. ने सगळ्या."

मी चळतीतली वरची सीडी उचलली, कुंकू बघितलं, भक्तिभावानं दुकानातल्या देव्हाऱ्यात ठेवली. बाकीच्या दादाच्या पिशवीत घातल्या. दादा एकेक बघून म्हणाला, "पूजा केलेल्या दिसत्यात. मग तर काम फत्तेच." तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काय पेटलं न्हाय. दादा दुपारच्या एसटीनं गेला.

संध्याकाळी रम्यानं मशीन कोरं केलं आणि नवी विंडोज घातली. पडद्यावर हिरवंगार माळरान, वर निळं आभाळ. पेठेत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली, स्टुलावर बसली. "लाव ह्यांचं, नव्यात कसं येतंय बघू."

मी देव्हाऱ्यातली सीडी घातली. मशीन घरघरलं आणि गप्प बसलं. बाजूलाच बसलेल्या रम्यानं काढून पुसली, पुन्हा घातली.

"हिच्यावर काय न्हाय," तो म्हणाला. "खूण काय केलतीस?"

"कुंकू."

"आणि बाकीच्यांना?"

"कुंकूच."

 आई माझ्याकडं बघत होती.

पहाटेच्या एसटीनं मी आणि आई गावाकडं गेलो. रानात पाय ठेवला तर जोंधळ्यावर सगळ्या सीड्या दोरीला लटकून गरगरत होत्या. दवानं कुंकू धुऊन गेलेलं. वाऱ्यानं एकमेकींवर आपटून, जोंधळ्याच्या ताटांवर घासून ओरखडे पडलेले. दादा छाती पुढं काढून म्हणाला, "एक पाखरू न्हाय बघ."

त्याच रानात आबा माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसायचे, गोफण घेऊन. सुगी आली की दिवसभर पाखरं राखायची हे त्यांचंच काम. आई बांधावर उभी राहून त्या गरगरणाऱ्या सीड्या बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्यावर तरी बसू द्यायचं हुतं रं घरात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाला तर मी काय सांगितलं ते कळायलाच वेळ लागला, आणि कळल्यावर त्यानं मला जे ऐकवलं ते चहाच्या टेबलावर सांगता यायचं न्हाय.

सगळ्या सोडून दुकानात आणल्या. रम्या एकेक लावत गेला. बऱ्याच मुक्या निघाल्या. मग एकीतनं खरखर आली, बायकांचं गाणं आलं, ट्रे पडल्याचा आवाज आला. आई स्टुलावरनं उठून उभी राहिली.

"त्याच्या हातात काय देऊ नका." आणि खट्. पुन्हा, "त्याच्या हातात काय देऊ नका." खट्. "त्याच्या हातात काय देऊ नका."

पुढं सरकेचना. रम्यानं टूथपेस्ट लावून घासली, फडक्यानं पुसली, दुसऱ्या मशीनवर नेऊन लावली. तिथंच अडकली. त्याच्यापुढचा हशा न्हाय आणि हशामागची हाक न्हाय. आईचं नाव गेलं ते गेलंच. आबा आपले मला शिव्या देण्यापुरते उरले.

आईनं तेवढंच आणखी दोनदा ऐकलं. मग रम्याला म्हणाली, "काढ बाबा ती." त्यानं काढून दिली. तिनं ती रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

अजून ती दुपारी दुकानात येते. स्टुलावर बसते, पिशवी मांडीवर ठेवते आणि रम्याची वाट बघते. त्याला यायला कधी कधी चार वाजतात.

परवा मला राहवलं न्हाय. म्हटलं, "आई, आण की इकडं. मी लावतो."

तिनं पिशवी पोटाशी धरली. म्हणाली, "रोज ऐकतोस न्हवं, ह्यांनी काय सांगितलंय ते?"