रेडिओची खोळ

माझा स्वभाव तापट आहे. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि मायला तर मी पाळण्यात होतो तेव्हापासून माहीत होतं. म्हणून माझं बोलणं ती मनावर घेत नसेल, असं मी आपलं सोयीनं धरून चाललो होतो.

मायच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला बोरी अरबहून यवतमाळला डायलिसिसला न्यावं लागे. मी शाळामास्तर. सुट्ट्या मागून मागून हेडमास्तरांसमोर जायची लाज वाटायला लागली होती. गाडी आमची जुनी, दोन मालक करून आलेली, आणि तिच्यातला रेडिओही तिच्याच वयाचा. पण मायला जाता-येता तो लागायचाच. सकाळची भक्तिगीतं, दुपारी बायकांचा कार्यक्रम, येताना जुनी गाणी. चार तास सुया टोचून पडून राहायचं, त्या आधी आणि नंतर तेवढंच तिचं सुख.

तोच रेडिओ एका शुक्रवारी मुका झाला. आधी डॅशबोर्डवर बुक्की मारली की बोलायचा, मग दोन बुक्क्या लागायला लागल्या, मग काहीच नाही. यवतमाळ यायच्या आधी लोहाऱ्याला गाड्यांची वायरिंग करणारा एक मिस्त्री बसतो, परतताना त्याच्याकडे गाडी लावली. त्यानं फ्यूज पाहिला, चांगला होता. एरियलची तार हलवून पाहिली. दाराच्या स्पीकरच्या वायरी काढून त्यांना एक साधा सेल लावला, तर स्पीकर खरखर बोलला. मग मान हलवून म्हणाला, "स्पीकर जित्ता आहे सर, सेटच मेला. नवा टाका."

नवा टाकला. माय मागच्या सीटवरून सगळं पाहत होती. तिनं मिस्त्रीला विचारलं, "चाबी नसली तरी वाजन का हा? हा मले गाडीत बसवते अन् चाबी खिशात घालून औषधाच्या लायनीत जाते. मी एकटीच बसून राह्यतो."

"डायरेक्ट करून देतो ना आजी," तो म्हणाला. "चाबीची गरजच नाही. फक्त आठवणीनं बंद करत जा, नाहीतर सारी बॅटरी पिऊन टाकन हा."

"मी घरचा लाइट चालू सोडत नाही, तर रेडिओ कायले सोडीन?" माय म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर ब्लाउजच्या उरलेल्या निळ्या कापडाची खोळ शिवली. लहानपणी आमच्या घरी जो रेडिओ होता, त्यालाही अशीच खोळ होती. गोल बटन डावीकडे पार फिरवायचं, टक् आवाज झाला की रेडिओ बंद, मग धूळ बसू नये म्हणून खोळ घालायची. आम्ही भाऊबहीण दोघंही हेच शिकलेलो. गाडीतल्या सेटला खोळ कोण घालतं हो? मी म्हटलं, "माय, लोकं हसतीन." ती म्हणाली, "हसू दे. नवी वस्तू आहे." वरून लोंबती दोन बोटांची झालर लावून तिनं ती डॅशबोर्डला बसवलीसुद्धा.

तेव्हापासून माय पुढच्या सीटवर बसायला लागली. रेडिओ तिच्या ताब्यात, घरी पोचल्यावर बंद मात्र मी करायचो. एकदा येताना मला म्हणाली, "हा टक् नाही करत रे."

मला मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून मारून वैताग आणला होता. मी म्हटलं, "नवे असेच असतात, माय. आता त्याचं काय?"

"काही नाही," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी परत आलो तेव्हा तिचं आवडतं गाणं लागलं होतं. मी पिशव्या घेऊन घरात गेलो, ती गाणं संपेपर्यंत गाडीतच बसली. मग भिंतीला धरत धरत आली. मी विचारलं, "बंद केला?" ती म्हणाली, "केला. खोळही घातली." दोन दिवस गाडी अंगणात उभी होती.

शुक्रवारी सकाळी चाबी फिरवली तर गाडी नुसती कुथली. दुसऱ्यांदा तेही नाही. बॉनेट उघडलं, बॅटरीच्या तारा घट्ट केल्या, पुन्हा चाबी फिरवली. काही नाही. डायलिसिसची वेळ ठरलेली, ती गेली की दुसऱ्या पेशंटला जागा देतात. माझं डोकं सणकलं.

"रेडिओ चालू ठेवून उतरली ना तू!"

"नाही रे बाप्पा. बंद केलता. माह्या हातानं केलता."

"मग बॅटरी काय उंदरानं खाल्ली?"

शेजारीपाजारी बाहेर आले होते. तिनं पुन्हा म्हटलं, "खरंच केलता रे." आणि मी सगळ्यांच्या देखत ओरडलो, "तुह्या ध्यानात नाही राहत माय आता काही! कबूल कर ना एकदाचं!"

तिनं पदर नीट केला आणि शेजाऱ्याच्या गाडीत जाऊन बसली. उशिरा का होईना, नंबर लागला, डायलिसिस पूर्ण झालं. शनिवारी मी बॅटरी चार्ज करून आणली. रविवारी सकाळी चहाचा कप तिच्या हातात होता, आणि माय गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, कधीही होणारच होतं. तिच्या मरणाचं खापर मी बॅटरीवर फोडत नाही. पण मधल्या शनिवारी तिच्याजवळ बसून दोन गोड शब्द बोलायला मला काय धाड भरली होती, ते देवालाच ठाऊक.

तेरवी झाल्यावर बहिणीला यवतमाळच्या स्टँडवर सोडायला निघालो. ती फुलसावंगीला दिलेली, माझ्याहून धाकटी. मायच्या सीटवर बसली, खोळ वर केली आणि म्हणाली, "मायचं स्टेशन लाव ना दादा." लावलं. लोहारा यायच्या आत तिचे डोळे भरून आले. "नको, नाही ऐकवत," म्हणत तिनं बटन डावीकडे पार फिरवलं आणि झालर खाली ओढली.

स्टँडवर मी चाबी काढली. तिची पिशवी उचलताना खोळ सरकली. आत निळा उजेड होता. स्टेशनचा नंबर दिसत होता आणि खाली आवाजाच्या जागी शून्य.

मी बटन आणखी डावीकडे फिरवून पाहिलं, उजेड गेला नाही. गोल बटनानं फक्त आवाज कमी होत होता. सेट बंद करायचं बटन वेगळं, कोपऱ्यात, नखाएवढं. मला ते माहीत होतं. मायला मी ते कधी दाखवलंच नव्हतं.

"काय झालं?" बहिणीनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, अंगणात काय बोललो तेही. तिनं झालर पुन्हा खाली ओढली. मग म्हणाली, "शनिवारी मायचा फोन आलता मले. म्हणे, मी बंद केलता व, पण त्याले खरं नाही वाटलं."

"अजून काय म्हणे?"

"जाऊ दे ना दादा."

"सांग."

"म्हणे, रात्रभर इचार केला. त्याचंच बरोबर असन. मीच विसरली असन."