सहल काढायची ती इथेच!

खाडीत गाळ साचतो ना, तसे आमच्या नौपाड्याच्या मुलींच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से साचलेत. उपसत कुणीच नाही, वर नवे येतातच! त्यातले हे सहलीचे.

झालं काय, हेडबाईंनी शाळेची सहल पुण्याला न्यायचं ठरवलं. इतिहासाच्या इंदूताई उसळल्या, "आपल्याकडे बघायला काय कमी आहे?"

"तळं आणि डास!" हेडबाई म्हणाल्या.

इंदूताईंना ते फारच लागलं. "पावसाळा संपेस्तोवर वेळ द्या. नाही पटलं तर खुशाल जा पुण्याला. मी यायची नाही!"

मग दर रविवारी हेडबाई, इंदूताई आणि मी, अशा आम्ही तिघी डबे घेऊन निघायला लागलो. मी शिवण शिकवते. मला न्यायच्या त्या माझ्या थालीपिठांसाठी!

*

पहिलं अंबरनाथचं देऊळ. भिंतभर मूर्ती, मान दुखेस्तोवर बघितल्या. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले, वर बघते तर छतच नाही, थेट आकाश!

"छप्पर कधी पडलं हो?" मी पुजाऱ्यांना विचारलं.

"होतं कुठे? पांडव एका रात्रीत बांधत होते, तेवढ्यात उजाडलं."

"आमच्या शाळेच्या जिन्यासारखंच," हेडबाई पुटपुटल्या. पण बाहेर यायला काही तयार होईनात!

*

वैशाखात मिठागरं बघायला गेलेलो. पांढरेशुभ्र ढीग, डोळे दिपले. मला हिमालयात आल्यासारखंच वाटलं. बोट लावून चाखलं. "अगंबाई, खारट!"

"मग काय, पेढा वाटलेला?" इंदूताई.

*

कल्याणला दुर्गाडी किल्ल्यावर इंदूताई म्हणाल्या, "इथे आरमाराची गलबतं बांधली. डोळे मिटा, दिसतील."

मी मिटले आणि झोपले!

जाग आली तर हेडबाई प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा उभ्या. खाडीच्या वळणावरून एक शीड येत होतं.

"कौलं घेऊन चाललंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण डौल बघा!"

तरी पुण्याचं काही रद्द होईना.

*

भाद्रपदातली पौर्णिमा. भर दुपारी कोलशेतला बांधावरून चाललेलो. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला पोटरीत आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात. उधाण चढत होतं, आणि बघता बघता बांधाला भगदाड पडलं!

खारं पाणी आत शिरलं तर यंदाचं भात गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन नासणार. गावातल्या बाया धावत आल्या आणि खाडीला पाठ लावून भगदाडातच खेटून बसल्या. पुरुष समोरून चिखल थापायला लागले.

टोकाला फट राहिली. एका म्हातारीने आम्हा तिघींना न्याहाळलं. इंदूताई म्हणजे छत्रीची काडी. नजर माझ्यावर थांबली.

"तू ये गो बाय, तू दोगींची जागा भरशील!"

बसले! अख्खी खाडी पाठीवर रेलली. रामरक्षा सुरू केली, तीही मधेच विसरले.

"भ्यायचा नाय," म्हातारी म्हणाली. "हितंच माजी सासू बसलेली. तिची सासू पन."

तेवढ्यात शेजारी कुणीतरी धपकन बसलं. बघते तर हेडबाई! इस्त्रीच्या पातळासकट. आणि इंदूताई पदर खोचून चिखल आणत होत्या, जन्मात पहिल्यांदा गप्प.

ओहोटी लागली. बांध धरला. भात उभं होतं.

हेडबाईंनी चष्मा पुसायला पदर शोधला, पण कोरडं काही उरलंच नव्हतं. तशाच म्हातारीकडे वळल्या.

"आजी, पुढचं मोठं उधाण कधी? माझ्या मुली आणायच्यात."