गुडघ्यावरची शिवण

जिल्हा नवा होता आणि पाणी नव्हतं. त्या सालात बदली होऊन लातूरला आलेल्या माणसाबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे. कचेरी भाड्याच्या घरात, बाकडी शाळेची मागून आणलेली. गावोगावचे बोअर बघायचे, तर जीप एकच, तीही साहेबांची. मी आणि माझा सहकारी, आम्हा दोघांच्या वाट्याला एक जुनी मोटारसायकल आली. मी लोह्याकडचा, तो हिमायतनगरचा. नोकरीत मी जुना, म्हणून गाडी मी चालवायची. तो मांडीवर थैली घेऊन मागे बसायचा. मला दादा म्हणायचा.

रस्ते नव्हतेच. गाडीवाटा, नाले, मांजरेचं कोरडं पात्र. आम्ही सारखे पडायचो, सोलवटून घरी यायचो. शेवटी साहेबांनी बजावलं की डोक्याला हेल्मेट आणि गुडघ्यांना काहीतरी बांधल्याशिवाय गाडी कच्च्यात घालायची नाही. मागच्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर.

ते ‘काहीतरी’ त्याच्या बायकोनं केलं. गल्लीत तिच्या गोधड्यांचं नाव होतं. ट्रकच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे तिनं आपल्या हिरव्या लुगड्याच्या घड्यांत घातले, वरून गोधडीसारखे दाट टाके मारले, बांधायला नाड्या लावल्या. दोन जोड केले, त्यातला एक मला. माझा मी घरीच ठेवला. त्यानं मात्र रोज बांधला.

एका गावात चहाला थांबलो. बाकड्यावरच्या म्हाताऱ्यानं त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, “पोळा अजून लांब हाय की राव. आत्ताच झूल घालून आणलं व्हय?”

हॉटेल हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तोही हसला. तिथंच संपलं असतं ते. पण बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, “काढ की रे ते. तुझ्यापायी लोक मला हसून राहिलेत.”

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. वाद घालणं त्याला माहीत नव्हतं. गुडघ्यांचे पट्टे सोडले, नीट घडी घालून थैलीत ठेवले. माझं हेल्मेट हँडलला लटकतच होतं.

नदीत उतरताना मी वेग कमी केला नाही. वाळूत पुढचं चाक वळलं. मी वाळूत फेकला गेलो, मला खरचटलंही नाही. तो खडकावर पडला, आणि त्याच्या गुडघ्यावर गाडी.

इथपर्यंतचं कुणालाही सांगता आलं असतं. घाई होती, चूक झाली, म्हणता आलं असतं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

गाडी उचलून बाजूला केली. पलीकडच्या काठावर धूळ उठलेली दिसली. पाण्याचा टँकर येत होता. माझ्या मनात आलं ते एवढंच, की साहेब विचारतील. मी थैलीतून पट्टे काढले आणि त्या फुटलेल्या गुडघ्यावर बांधायला लागलो. पाय सुजत होता, पट्टा पुरत नव्हता. मी जोर लावून ओढला तेव्हा एका बाजूची शिवण उसवली. तो ओरडला. मग ओरडायचं थांबून हळूच म्हणाला, “दादा, नका.”

मी गाठ मारली.

पाय मांडीपासून कापावा लागला. दवाखान्यात साहेब आले, रक्तानं भिजलेला पट्टा बघून म्हणाले, बरं झालं, निदान नियम पाळला होतात. त्याच्या बायकोनं तो पट्टा हातात घेतला. उसवलेल्या जागेवरून तिनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“माझाच टाका कच्चा निघाला, भाऊजी.”

मी खाली बघितलं. खाटेवर तो जागा होता. त्यानंही ऐकलं. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाला, “राहू द्या दादा. लोक हसले म्हणून मी काढले, हे कळलं तर तिला जास्ती लागंल.” ती मला माफी वाटली. तशी मानून घेतली, म्हणणं जास्त खरं.

त्यानंतर तिनं गोधडी शिवली नाही. शेजारणी कापडं घेऊन यायच्या, ती परत पाठवायची. माझ्या हाताला यश नाही, म्हणायची. ती दोघं हिमायतनगरला गेली, तिथंही तेच. दिवाळीत मी जायचो तेव्हा त्याच्या अंगावर बाजारातली चादर असायची. ती चादर बघत मी फराळ खायचो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. काही महिन्यांनी मी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती सुपात तूर निवडत होती. हात थांबला.

“म्हंजे टाका कच्चा न्हवता?”

“नव्हता वहिनी. मी ओढला म्हणून उसवला.”

वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. शिव्या देईल, पण हलकं वाटेल. तिनं शिव्या दिल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं.

“तुमचं सोडा. पट्टे काढले तर त्यांनीच ना आपल्या हातानं. आन् इतकी वर्षं मी माझ्या हाताला दोष देत होते, ते शेजारी बसून ऐकत होते.”

याचं उत्तर ज्यानं द्यायचं तो नव्हता.

मग तिनं मान वर केली. “त्या हॉटेलात लोक हसले म्हणता. तवा हे पण हसले का?”

एवढं एक खोटं मला बोलता आलं असतं. आयुष्यभर बोलत आलो होतो.

“हसला,” मी म्हणालो.