विहीणबाईंना आणायला गेले ती बाराबंकीला

माझ्या विहीणबाईंनी लखनऊच्या आधी बाराबंकी पाहिलं, ते केवळ माझ्या शिकवण्यामुळे.

माझं स्वतःचं शिक्षण बेताचंच. तरी लखनऊला, जानकीपुरमच्या आमच्या गल्लीत मला ‘मास्टरनी दीदी’ म्हणतात. झालं असं, की स्वयंपाकाला येणाऱ्या रामदुलारीला मी एकदा औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या नसीमा आपांना घेऊनच आली. (आपा ब्लाउज शिवतात. गल्लीतल्या प्रत्येकीचं माप तोंडपाठ, अक्षर मात्र एक येत नव्हतं.)

“दीदी, हमें भी सिखा दीजिए.”

मला नाही म्हणता येत नाही. तसं मला काहीच फारसं म्हणता येत नाही. रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणायला लाज वाटते, म्हणून मी दोन गल्ल्या पुढे जाऊन उतरते आणि चालत परत येते. भाजीवाल्याने सडका टोमॅटो दिला तर त्यालाच ‘अच्छा भैया’ म्हणून घरी येते. अशी मी मास्तरीण झाले.

वर्गाचे नियम दोनच. पहिला, रस्त्यात कुणाला विचारायचं नाही, पाटी वाचायची. (मला स्वतःलाच विचारता येत नाही, ते शिकवणार कसं!) दुसरा, कशालाही हात लावण्याआधी त्यावर लिहिलेलं मोठ्याने, शेवटपर्यंत वाचायचं. रामदुलारीने रव्याऐवजी रांगोळीच्या पुडीत हात घातला, त्या दिवसापासून हा नियम फार कडक केला होता.

अशात नाशिकहून लेकीचा फोन आला. “आई, सासूबाई येताहेत. स्टेशनवर वेळेत जा. गबाळेपणा केलास ना, तर वर्षभर मला ऐकावं लागेल.”

तिच्या सासूबाई म्हणजे सुमनताई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. लग्नात त्यांनी भटजींनासुद्धा “जरा मोठ्याने आणि सावकाश” असं सुनावलं होतं.

स्टेशनवर जायचं ह्यांच्याकडे होतं. हे एअरफोर्समधून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के. पण त्याच सकाळी वाकून बूट घालताना ह्यांची कंबर धरली आणि हे एका बुटावर आडवे झाले.

“तूच जा,” ते उशीत तोंड घालून म्हणाले.

“चारबाग स्टेशनला? मी एकटी?”

“एकटी क्यों?” रामदुलारी ओट्याजवळून म्हणाली. “हम हैं, आपा हैं. डिब्बा पढ़के निकाल लेंगे.”

मला वाटलं, बरंच झालं. सोबतही होईल आणि धडाही.

स्टेशनवर पोहोचेपर्यंत आम्ही अगदी वेळेत होतो. पुढे पाट्या सुरू झाल्या. गल्लीत वाचायला दोन दुकानं आणि एक दवाखाना. इथे म्हणजे मेजवानीच. “पी-ने का पा-नी,” रामदुलारी नळापुढे उभी राहिली. “थूक-ना म-ना है,” आपा भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि तिथेच थुंकणाऱ्या एका माणसाला त्यांनी ती ओळ पुन्हा वाचून दाखवली. मागे हमालांची रांग तुंबली.

“अम्मा,” डोक्यावर दोन सुटकेसा घेतलेला एक हमाल म्हणाला, “गाड़ी पढ़ोगी कि पकड़ोगी?”

गाडी केव्हाच येऊन उभी होती. ती पुढे गोरखपूरला जाणारी, जास्त वेळ थांबणार नव्हती. आम्ही प्रत्येक डबा वाचत वाचत योग्य डब्यापर्यंत आलो आणि चढलो. आत सुमनताई तीन पिशव्या आणि मनगटावरचं घड्याळ धरून बसल्या होत्या.

“या,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, उद्या येताय.”

मी वाकून नमस्कार केला. रामदुलारीने पिशव्यांना हात घातला, पण पिशव्यांवर ‘नाशिक’ छापलेलं होतं. नियम तो नियम. तिने तिन्ही वाचल्या. तिसरी वाचून होते न होते, तोच डबा हलला.

“अहो, गाडी सुटली!” सुमनताई उठल्या. “साखळी ओढा कुणीतरी!”

साखळीखाली आपा उभ्या होत्या. उंच बाई, हात सहज पोहोचला. पोहोचला आणि थांबला.

“दीदी, इस पर तो लिखा है.”

मी ‘राहू दे ते, ओढ’ असं म्हणायला तोंड उघडलं. पण डब्यात तीस माणसं बघत होती. तोंड मिटलं.

“गा-ड़ी ख-ड़ी कर-ने...” आपांनी सुरुवात केली.

“काय वाचतेय ही? ओढ म्हणावं!” सुमनताई कडाडल्या. आपा घाबरल्या आणि एक ओळ सोडून खालचीच वाचू लागल्या. आणि इथे घात झाला. सुमनताईंमधली मुख्याध्यापिका जागी झाली.

“अंहं. ओळ गाळायची नाही. बोट ठेवून, फिर से.”

आपांनी बोट ठेवलं. जोडाक्षरांपर्यंत आमचा वर्ग अजून पोहोचला नव्हता, त्यामुळे ‘दण्ड’पाशी गाडं अडलं. (रेल्वेचं नाही, आमचं. रेल्वेचं उत्तम चाललं होतं.) सुमनताईंनी ते फोड करून सांगितलं. रामदुलारीने मागून म्हटलं. वरच्या बर्थवरच्या एका आजोबांनीही म्हटलं. “शाब्बास,” सुमनताई म्हणाल्या, तेव्हा गोमतीचा पूल मागे पडला होता.

“अब खींचें?” आपांनी विचारलं.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. आमची प्लॅटफॉर्म तिकिटं पाहून त्याने कपाळाला हात लावला.

“अनपढ़ हैं क्या आप लोग? पढ़ा नहीं, गाड़ी कहाँ जा रही है?”

रामदुलारीने पिशवी खाली ठेवली. “अनपढ़ मत बोलिए, साहब. पढ़ने में ही तो गाड़ी छूटी है.”

त्या माणसाने आयुष्यात बरीच कारणं ऐकली असतील. हे नवीन असावं. पावतीपुस्तक मिटून तो म्हणाला, “बाराबंकी में उतर जाइए.” आणि पुढे गेला.

बाराबंकीच्या बाकावर आम्ही चौघी परतीच्या गाडीची वाट बघत बसलो. रामदुलारी आणि आपांचं समोरच्या पाट्यांचं वाचन चालूच होतं. लेकीचं वर्षभराचं ऐकणं माझ्या डोळ्यांपुढे दिसत होतं. सुमनताईंनी चकलीचा डबा उघडला, एक मला दिली आणि विचारलं, “तुमचं शिक्षण किती हो?”

“चौथी,” मी चकलीला म्हटलं.

त्यांनी आपली चकली पूर्ण खाल्ली. मग म्हणाल्या, “हं.”

त्या ‘हं’चा अर्थ मला कळेना. आठ दिवस त्या राहिल्या. इमामबाडा पाहायचा राहिला, कारण दुपारचा माझा वर्ग त्यांनी ताब्यात घेतला. जोडाक्षरं संपवली. जाण्याआधी परीक्षाही ठेवली. मी चहा करायला उठले, तर म्हणाल्या, “बसा. सगळ्यांनी द्यायची आहे.”

त्या नाशिकला पोहोचल्या आणि लेकीचा फोन आला. मी भीतभीतच कानाला लावला.

“आई, काय केलंस गं? सासूबाई भेटेल त्याला तुझं कौतुक सांगताहेत.”

“खरंच? काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तुझ्या आईला आता पाचवीत घालायला हरकत नाही.”